दादाच्या भिंतीवरचा सिनेमा

तिला सगळे खळी म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, नोकरीच्या ओळखपत्रावर होतं, पण घरात ती खळीच. आणि हे नाव कुणी तोंडाने ठेवलेलं नव्हतं. ते तिच्या थोरल्या भावाने ठेवलं होतं, गालाला बोट टेकवून आणि ते किंचित फिरवून. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बहीण पाळण्यात हसली, गालाला खळी पडली, तसं त्याने आईकडे बघून स्वतःच्या गालात बोट खुपसलं. झालं बारसं! ऐकू येणाऱ्यांनी नंतर त्या खुणेला शब्द चिकटवला, एवढंच.

दादा तिच्याहून बराच मोठा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारायला लागला होता आणि खळीच्या वेण्या अजून दुसऱ्या कुणालातरी घालाव्या लागत होत्या. त्याने त्याही घातल्या. सुताराचाच हात तो, वेणी अशी घट्ट बसायची की खळीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. बाई विचारायच्या, "कशाचं एवढं आश्चर्य वाटतंय गं तुला?" पण विस्कटलेल्या केसांनी ती शाळेत कधी गेली नाही, आणि उपाशीपोटी तर नाहीच नाही.

संध्याकाळी दोघं शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला जात. खळी टीव्हीच्या बाजूला उभी राहायची आणि आतली माणसं काय बोलतायत ते हातांनी सांगायची. दादाची नजर एकदा काचेवर, एकदा तिच्या बोटांवर. थिएटरात मात्र काही जमायचं नाही. अंधारात हात दिसणार कुणाला? एकदा दादाने खिशातली विजेरी तिच्या हातांवर धरली, तर मागच्यापुढच्यांनी असा गिल्ला केला की दोघांना मध्यंतरालाच काढता पाय घ्यावा लागला. फाटकाबाहेर आल्यावर खळीचा चेहरा रडवेला झालेला बघून दादा हातांनी म्हणाला, "बरं झालं. मला कधीची भूक लागलीय."

मोठी झाल्यावर खळीला बसस्थानकावर उद्घोषणा करायची नोकरी लागली. कुठली गाडी कितव्या फलाटावर, कुठली रद्द, कुणाचं पोर हरवलंय आणि त्याची आई कुठे उभी आहे, हे सगळ्या शहराला तिच्या तोंडून कळायचं. पहिल्या दिवशी दादा कामावर सुट्टी टाकून स्थानकात येऊन उभा राहिला. लोक कर्ण्याकडे माना वर करतात, मग पिशव्या उचलून धावत सुटतात, हे तो बराच वेळ बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, "तू बोललीस की सगळे पळतात."

"पळत नाहीत रे, गाडी पकडतात."

"तेच ते."

पुढे दादाचं लग्न झालं. वहिनीलाही ऐकू यायचं नाही, पण तिचे हात असे चालत की बघणाऱ्याने बघतच राहावं. खळीचंही लग्न झालं आणि दोन्ही बिऱ्हाडं एकाच इमारतीत आली. दादा-वहिनी तळमजल्यावर, खळी वर. टीव्हीवर चित्राखाली अक्षरं यायला लागली, तशी खळीची गरज कमी झाली. दादा-वहिनी शेजारी शेजारी बसून अक्षरं वाचायचे आणि एकमेकांना कोपरं मारून हसायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घर कधी सुनं वाटलं नाही.

मग वहिनी गेली. आणि ती गेली त्याच्या मागोमाग दादाचे डोळेही दगा द्यायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू नाहीये. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. अगदी अंधार होणार नाही, पण बारीक दिसणं जाणार. जे मोठं असेल, उजेडात असेल, ते दिसत राहील."

खळीने हे दादाला सांगितलं. सांगताना तिचे हात जरा अडखळले. दादाने डोकं हलवलं आणि म्हणाला, "म्हणजे आता मला सगळं मोठं पाहिजे. दवाखान्याचं बिल सोडून."

हा विनोद त्याने केला खरा, पण घरी आल्यावर टीव्ही लावायचा तो बंदच झाला. खालची अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग दिसायची. बातम्यांच्या कोपऱ्यात खुणांनी बोलणारी बाई असायची, ती अंगठ्याएवढी. खळी शेजारी उभी राहून सांगायला लागली, तर तिचे हात दिसायचे पण टीव्हीतली माणसं ओळखू यायची नाहीत. दादा खिडकीकडे तोंड करून बसायला लागला. कान नव्हतेच, आता डोळेही, असं तो कधी म्हणाला नाही. पण ज्या माणसाचं सगळं बोलणं-ऐकणं डोळ्यांतून चालतं, त्याच्या मनात काय असेल हे बहिणीला सांगावं लागत नाही.

खळी नुकतीच निवृत्त झाली होती. तिने मनाशी ठरवलं, दादाला चित्र मोठं पाहिजे आणि खोलीत उजेड पाहिजे, तर ते मिळवायचंच.

तिचा नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. माणूस लाख मोलाचा, फक्त तोंडाला झाकण नाही. त्याने एका रविवारी शाळेतला प्रोजेक्टर मागून आणला, टेबलावर ठेवला आणि दादाच्या भिंतीवर सिनेमा लावला. चित्र मोठं झालं, पण पडदे ओढल्याशिवाय धड दिसेना, आणि पडदे ओढले की खळीचे हात दिसेनात. शेवटी ती भिंतीजवळ सरकली, तशी तिची सावली जाऊन थेट नायिकेवर पडली.

"नायिकेला दोन डोकी झाली गं!" नवरा म्हणाला. "आणि त्यातलं एक माझ्या ओळखीचं."

दादा हसला, पण थोड्या वेळाने त्यानेच उठून प्रोजेक्टर बंद केला. "तुझ्या डोळ्यांवर उजेड येतो," तो खळीला म्हणाला. "राहू दे."

नवऱ्याला मात्र ते लागलं. त्याने शाळेतल्या मास्तरांना विचारलं, इकडेतिकडे चौकशी केली आणि बातमी आणली. आता असे प्रोजेक्टर निघालेत की ते खोलीच्या मागे ठेवायचेच नाहीत. भिंतीला लागून बैठ्या कपाटावर ठेवायचे, आणि ते तिथूनच तिरका झोत वर भिंतीवर फेकतात. समोर माणूस उभा राहिला तरी सावली नाही, कारण उजेड त्याच्या पाठीमागूनच वर जातो. 'अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेझर प्रोजेक्टर' असं त्याचं लांबलचक नाव. नवऱ्याने त्याचं 'भिंतचाट्या' करून टाकलं आणि घरात तेच रुळलं.

तिघंजण मोठ्या दुकानात गेले. तिथल्या बाई मध्यमवयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सवयीप्रमाणे त्यांनी पहिल्या यंत्राजवळ सुरुवात केली. "हा बघा. इतका शांत, की चालू आहे की बंद तेच कळत नाही."

खळीने ते जसंच्या तसं दादाला सांगितलं. दादाने यंत्रावर पंजा ठेवला, गंभीर चेहऱ्याने थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "सगळीच यंत्रं शांत असतात. आमच्या कारखान्यातली करवतसुद्धा."

खळीने ते मोठ्याने सांगितल्यावर बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि मग खळखळून हसल्या. त्या क्षणापासून त्या खळीकडे बघून बोलायच्या थांबल्या. दादाकडे तोंड करून, सावकाश बोलायला लागल्या, आणि खळी बाजूला राहून सांगत गेली. असं फार थोडे लोक करतात. खळीने ते मनात नोंदवून ठेवलं.

"काका, तुम्हाला काय काय लागतं ते आधी सांगा," बाई म्हणाल्या. "मग मी दाखवते."

दादाने सांगितलं. मोठं चित्र. दिवे चालू असताना दिसेल असं. आणि चित्राच्या कडेला ही उभी.

बाईंनी दुकानातले दिवे तसेच ठेवले आणि पहिलं यंत्र लावलं. चित्र स्वच्छ, लख्ख. खळी पुढे जाऊन पडद्याच्या कडेला उभी राहिली. सावली नाही. तिने हात वर केले, पसरले, बोटं फिरवली. मागे चित्र आपलं चालूच, आणि तिच्या हातांवर दुकानाचा साधा उजेड. नवऱ्याने टाळी वाजवली.

पण दादाने डोळे मिचकावले. त्याने खळीच्या हातांकडे बघितलं, परत चित्राकडे, परत हातांकडे, आणि मान हलवली. "पट्टे दिसतात. तांबडे, हिरवे, निळे. नजर हलवली की."

खळीला काही दिसेना. नवऱ्यालाही नाही. बाई मात्र लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. याच्यात एकच लेझर असतो. रंग फिरत्या चाकातून एकामागून एक पडतात, आणि इतके भराभर पडतात की डोळ्याला एकत्रच वाटतात. पण नजर झटक्यात हलवली की काहींना ते सुटे दिसतात. एरवी लोक सारखी नजर हलवत नाहीत, समोरच बघतात."

दादाचा सगळा सिनेमाच नजर हलवण्यात होता. पहिलं यंत्र बाद.

दुसरं यंत्र तिथलं सगळ्यात नावाजलेलं. तिन्ही रंगांचे वेगवेगळे लेझर. चित्र लागलं आणि नवऱ्याच्या तोंडून "आहाहा" निघून गेलं. फुलं अशी की हात लावावा. पण पांढऱ्या भागावर साखर सांडल्यासारखी बारीक चमचम होती. ती दादाच्या डोळ्यांना टोचायला लागली. पट्टेही होते, जरा फिके. आणि खळी जागेवर जाऊन उभी राहिली तर चित्र एकदम मंदच झालं. ती मागे सरली, उजळलं. पुढे आली, परत मंद.

"ती सुरक्षा आहे," बाई म्हणाल्या. "झोत खालून वर जातो ना, कुणी वाकून आत बघितलं तर डोळ्याला इजा होईल. म्हणून माणूस जवळ आलं की हा आपोआप उजेड कमी करतो."

"बायको जवळ आली की उजेड जातो हे मला माहीत होतं," नवरा म्हणाला, "पण यंत्रालाही कळतं हे नव्हतं माहीत."

खळीने हे दादाला सांगितलं नाही. तरी दादा हसत होता. मेव्हण्याच्या तोंडाकडे बघून त्याला बरंच कळायचं.

"ही सोय बंद करता येते," बाई म्हणाल्या, "पण ताई तिथे तास न् तास उभ्या राहणार, तर मी तसं सांगणार नाही." जरा वेळ त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आत या. एक आहे. पण लोक सहसा तो घेत नाहीत."

आतल्या खोलीतलं तिसरं यंत्र दिसायला ढोबळ होतं. बाईंनी आडपडदा न ठेवता त्याचे अवगुण सांगितले. पंखा घरघरतो. आवाज डब्यातून आल्यासारखा. आणि काळा रंग धुऊन विटलेल्या कापडासारखा, राखाडीकडे झुकणारा. "पण याचे तिन्ही रंग एकदम पडतात, एकामागून एक नाहीत. आणि अगदी ओणवं झाल्याशिवाय हा मंद होत नाही."

खळी उभी राहिली. बाईंनी त्यांना घाई केली नाही. आधी फुटबॉलचा सामना लावला, मग जुना काळापांढरा सिनेमा, मग जंगलातल्या प्राण्यांचं काहीतरी. मध्येच कुणी गिऱ्हाईक डोकावलं की "जरा थांबा" म्हणून परत इकडे येत. दादाची नजर चित्रावरून हातांवर, हातांवरून चित्रावर अशी जात राहिली. त्याने डोळे मिचकावले नाहीत. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सैल पडलेली खळीने पाहिली आणि तिला पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. चित्ता कशाच्या मागे पळत होता ते सांगायचं राहून गेलं.

"काळा रंग राखाडी दिसतो, ते चालेल ना काका?" बाईंनी विचारलं.

"मला हल्ली सगळाच काळा राखाडी दिसतो," दादा म्हणाला. "आमचं जमेल."

बाईंनी उजवा हात हनुवटीपाशी नेऊन पुढे आणला. मघापासून खळीचे हात बघून 'आभार' ही खूण त्यांनी उचलली होती. कशाबद्दल आभार, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दादाने उलट तीच खूण केली.

घरी आल्यावर मात्र दादाने पाय मागे घेतला. "कशाला एवढा खटाटोप? माझे डोळे आहेत किती दिवसांचे?"

खळीला असा राग आला की हात बोलताना एकमेकांवर आपटले. "मी सहावीत नापास झाले तेव्हा तू म्हणालास का, कशाला शिकवायचं हिला?"

"तेव्हा तू लहान होतीस."

"आता तू लहान आहेस. गप्प बस."

"मी गप्पच असतो," दादा म्हणाला.

दोघंही हसता हसता रडले का रडता रडता हसले, ते नवऱ्याला नीट कळलं नाही. तो चहा टाकायला आत गेला.

यंत्र घरी आलं आणि मग दादाच्या अंगात आलं. या भिंतचाट्याचं दुखणं असं, की तो भिंतीच्या इतका जवळ असतो की खाली केसभर हलला तर वर चित्राचा कोपरा बोटभर वाकडा होतो. नवऱ्याने वहीचे कागद घड्या घालून खाली सारायला सुरुवात केली, तेव्हा दादाने त्याच्या खांद्याला धरून बाजूला केलं. माळ्यावरची हत्यारं खाली आली. ओळंबा सोडून बघितला तर भिंत पोटातून फुगलेली. दादाने पडद्यासाठी चौकट केली आणि फुगवट्याच्या हिशोबाने मागे लाकडाच्या पट्ट्या दिल्या. बैठं कपाट केलं, पाणसळ ठेवून त्याची पातळी बघितली, पायाखाली पातळ पाचरी सरकवल्या. बारीक काम होतं, डोळे साथ देत नव्हते. तो बोटाच्या टोकाने सांधे चाचपत होता. पडदाही खास होता. त्याच्यावर हाताला लागतील न लागतील अशा आडव्या रेघा, खालून येणारा उजेड समोर पाठवणाऱ्या आणि वरच्या दिव्याचा गिळून टाकणाऱ्या. दादाने त्यावरून पंजा फिरवला आणि म्हणाला, "चांगला रंधा मारलाय कुणीतरी."

पहिला खेळ रविवारी सकाळी झाला, खिडक्या सताड उघड्या ठेवून. दादाने कर्णबधिर मंडळातल्या मित्रांना बोलावलं होतं. खोलीत माणसं मावेनात. चहा-बिस्किटं ठेवली होती, पण हात बिस्किटात गुंतले की बोलणं बंद पडतं, म्हणून सगळे आधी खाऊन मोकळे झाले. दादाने दिवा दोनदा उघडझाप करून 'सुरू करतोय' अशी वर्दी दिली आणि खळी पडद्याच्या कडेला उभी राहिली.

बसस्थानकावर तिने आयुष्यभर लाखो लोकांना सूचना दिल्या होत्या. पण त्यांच्यातलं कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. इथे खोलीभर माणसं तिच्या बोटांकडे डोळे लावून बसली होती. विनोद झाला की हशा तिच्या हातांमागून यायचा, जरा उशिरा, पण असा गडगडून की वरच्या मजल्यावरचे खाली वाकून बघायचे. पंखा घरघरत होता, आवाज डब्यातून येत होता, आणि त्याबद्दल तक्रार करू शकणारी दोनच माणसं त्या खोलीत होती. त्यातलं एक कामात होतं आणि दुसरं बिस्किटं खात होतं. सिनेमा संपल्यावर सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले. ऐकू न येणाऱ्यांची टाळी ती. खळीला वाटलं, भरल्या शेतावरून वारा गेला.

मग दर रविवारी गर्दी व्हायला लागली. कुणाकुणाला घरचे कधी काही सांगतच नसत, 'नंतर सांगतो' म्हणत आणि ते नंतर कधी येत नसे. ते इथे येऊन पोटभर बघून जात. एक आजोबा म्हणाले, की त्यांनी इतकी वर्षं सिनेमातली माणसं भांडताना पाहिली, पण कशावरून भांडतायत ते आत्ता कळायला लागलं. खळीने ते ऐकलं आणि पुढच्या रविवारी दुकानातल्या बाईंना आवर्जून बोलावून आणलं. बाई मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी आजवर लोकांना काळा रंग किती काळा आहे ते सांगत आले."

उभं राहून राहून खळीचे गुडघे मात्र सुजले. ती सांगायची नाही, पण जिना चढताना ती कठड्याला धरून वर जाते हे दादाने पाहिलं. त्याने एका मित्राच्या सुनेला गाठलं. तिला ऐकू यायचं आणि सासऱ्यांशी बोलून बोलून तिचे हात तयार झाले होते. पुढच्या रविवारी दादाने खळीला पडद्याकडे जाऊच दिलं नाही. मनगट धरून आपल्या शेजारी बसवलं. तिथे वहिनी बसायची.

खळीने आजवर सिनेमा असा कधी बघितलाच नव्हता. लहानपणी टीव्हीच्या बाजूला, आता पडद्याच्या कडेला. नेहमी तोंड दादाकडे, कान मागे, आणि चित्र मान वळवून मिळेल तेवढं. आज सगळं समोर होतं. एवढा मोठा समुद्र, एवढी मोठी माणसं. ती हसली की क्षणभराने दादा हसायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की तो तिच्याकडे बघून थांबायचा, सुनेच्या हातांकडे बघायचा, आणि मग त्याच्याही डोळ्यांत यायचं.

सिनेमा संपला, पंजे हलले. दादाने सुनेला भरभरून शाबासकी दिली. मग खळीकडे वळला आणि हात पोटापाशी खाली धरून, कुणाला दिसू नये असं हळूच म्हणाला, "मुलीचे हात चांगले आहेत. पण ती सगळंच सांगते. तू कंटाळवाणं गाळून सांगतेस."

"तुला कसं कळायचं रे?"

"तुझे हात उगाच केस सारखे करायचे."

खळी इतकी हसली की सून वळून बघायला लागली. "काय म्हणतायत काका?" तिने विचारलं.

"पुढच्या रविवारी पहिला अर्धा तू सांगायचा, दुसरा मी, असं म्हणतायत," खळी म्हणाली.

दादा असं काही म्हणाला नव्हता. पण खळीने त्यालाही तसंच सांगितलं, आणि त्याने मान डोलावली. मग तो उठून ओल्या फडक्याने बैठ्या कपाटावरचे चहाचे डाग पुसायला लागला, आणि ती उरलेली बिस्किटं डब्यात भरायला बसली. खिडकीतून अजून भरपूर ऊन येत होतं.